श्रीधरच्या हातची पोळी

सांगायचं नव्हतं खरं म्हणजे, आईनं शपथ घातलीय, पण तुम्हाला सांगते, पोटात राहतच नाहीये माझ्या... बाहेर आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब जेवताहेत, आणि मी इथे स्वयंपाकघरात दाराआड पोळ्या लाटतेय, आमच्या श्रीधरदादाच्या नावाच्या! मला काय त्याचं, मी आपली लाटते!

झालं काय, नवा मध्यप्रदेश झाला म्हणून मंडळानं भाषणांची स्पर्धा ठेवली, 'स्त्री : प्राचीन आणि आजची'. मी हळूच विचारलं, मी बोलू? तात्या म्हणाले, "मुलीनं चारचौघांत उभं राहायचं? लिहून दे श्रीधरला." दिलं! गार्गी भर सभेत ऋषींना प्रश्न विचारायची इथपासून, आई मत देऊन आली इथपर्यंत (कोणाला? तात्यांनी सांगितलं त्याला!). आणि शेवटी माझं स्वतःचं... रोज पहाटे चूल फुंकायची, वीस पोळ्या लाटायच्या, मग शाळेला पळायचं. या पठ्ठ्यानं तेही घडाघडा म्हटलं, छातीवर हात ठेवून! कोणाच्या पोळ्या, कोणाची चूल, काही विचार? मला काय त्याचं!

भय्यासाहेबांचे डोळेच भरून आले. "वाह बेटा! मुलगा असून पोळ्या करतोस? कमाल है! रविवारी तुझ्या हातची खायला येतो." तात्या लगेच, "हो हो, अवश्य!" आणि कप? श्रीधरला! माझ्या डब्यांच्या फळीवर ठेवलाय, रोज पुसते मी.

आज आईनं त्याच्या कोपरापर्यंत पीठ लावून दिलंय, नाकालासुद्धा! मी पोळी फुगवते, तो ताटात वाढतो. भय्यासाहेब आईला म्हणतात, "अहल्याबाई, काय वळण लावलंत हो! आणि श्रीधर, बहिणीलाही शिकव थोडं." ऐकलंत? मला शिकव! लाटणं घेऊन दारापर्यंत गेले होते मी, सच्ची, सांगूनच टाकणार होते... आईनं नुसतं बघितलं. आले परत.

आता म्हणे त्याला भाषणाला भोपाळला नेणार. भोपाळ! मी आपल्या गावातल्या देवास गेटच्या पुढे गेले नाही अजून! पण भाषण कोण लिहिणार? त्यात लिहिणारच आहे मी, हा पुरणपोळ्याही करतो म्हणून, मग कळेल त्याला... अगं बाई, नको नको, त्याही मलाच...

"जयूऽ! भय्यासाहेबांना श्रीधरच्या हातची अजून एक हवीय गं!"

आले! म्हणावं, लाटतोय तो, जरा दम धरा, त्याचे हात भाजलेत, म्हणजे माझे, पण मला काय त्या...