वर्षाच्या आत

जमलेल्या पोशीरच्या मंडळींनो, पाहुण्यांनो, आई, दादा.

मी मंदा. गेली ती सुवर्णा माझी वहिनी. मला खालापूरला दिलीय, पण हे माझं माहेर आहे, म्हणून बोलते. बायकांनी शोकसभेत माईक धरू नये, असं मागून कुणीतरी म्हणालं. ऐकलं मी. बसा गुमान.

आतापर्यंत चौघे बोलले. आदर्श माता. त्यागमूर्ती. घरासाठी झिजली. मंडळी, वहिनीला झिजायची हौस नव्हती. तिला शिकायची हौस होती. एवढं एकच कुणी बोललं नाही.

हा हार घातलेला फोटो कुठला आहे, माहीत आहे? बी.ए.च्या परीक्षेच्या हॉल तिकिटाचा. मोठा करून आणला. कारण घरातल्या प्रत्येक फोटोत तिच्या कडेवर पोर आहे.

पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि भूगोल वाचायची. मोठ्याने. तिची थोरली, ऋतुजा, अंगाईऐवजी डोंगर-नद्या ऐकत झोपली. आई विचारायची, "नोकरी लागणार हाय का तुला?" वहिनी म्हणायची, "नाय." "मग कशाला शिकतंस?" "कळंल म्हणून." बस. एवढंच उत्तर. आईला ते कधी पटलं नाही. दादा, तुला पटलं होतं का रे?

धाकटा झाला तेव्हा तिचं शेवटचं वर्ष होतं. पेपर कर्जतला. दादा सकाळीच गाडी घेऊन निघून गेला. मुद्दाम. वहिनी नेरळ स्टेशनपर्यंत चालत गेली. इकडे पोर भुकेनं रडायला लागलं. वाटीत दूध तयार होतं. मी पाजायला गेले, तर आईने वाटी उचलून फळीवर ठेवली. म्हणाली, "रडू दे. आल्यावर ऐकू दे तिला."

आई, मान खाली घालू नकोस. तू म्हणालीस. दुपारभर तू त्या लेकराला उपाशी ठेवलंस. त्याच्या आईला धडा शिकवायला.

वहिनी आली. ब्लाऊज दुधाने भिजलेला. पोराला उचकी लागलेली. त्याला छातीशी धरलं आणि रडली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मंदे, पेपर चांगला गेला गं." पास झाली. घरात कुणी साखरसुद्धा वाटली नाही.

त्यानंतर पुस्तकं गेली माळ्यावर. शिकणं नाही गेलं. ऋतुजाला घेऊन बसायची. ठाकुरवाडीकडे घाट चढताना आगगाडीला मागून जादा इंजिनं का लावतात, ते चुलीपुढे भाकरी थापता थापता समजवायची. पोरीने अकरावीला सायन्स घेतलं ते त्या चुलीपुढे. आता कर्जतच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहे. वहिनी तापाने चार दिवसांत गेली. शुद्धीत होती तोवर म्हणत होती, "तिचं कॉलेज बुडवू नका."

बुडवू नका म्हणाली. आणि तुम्ही काय केलंत?

घरात मयत झालं की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. ही आपली रीत. चिता विझायच्या आधी तुम्हाला रीत आठवली! दहाव्याच्या दिवशी, पिंडाला कावळा शिवतो की नाही ते बघत उभे असताना, माझ्या कानावर आलं. स्थळ ठरतंय. खालापूरचं. मुलगा चांगला आहे, टोलनाक्याजवळ स्वतःचं हॉटेल आहे. आई मला म्हणाली, "बिनआईची पोर, उरकून टाकलेली बरी."

बिनआईची! वाट कसली बघत होता तुम्ही? आईच आडवी येत होती, ती गेली. रस्ता मोकळा.

ऋतुजा तिकडे मागे आहे. तुमचे चहाचे कप उचलतेय. तिला कुणी विचारलंय? मी विचारलं. म्हणाली, "आत्या, परीक्षा देऊ देतील का गं?" आईला जाऊन महिना झाला नाही, आणि पोरगी रडायचं सोडून परवानगी मागतेय. लाज वाटते मला या घराची.

माझं बोलणं संपलं. वहिनी, तुला माझा नमस्कार.

आता सगळ्यांनी उभं राहायचं. शांत. ऋतुजा, कप ठेव खाली, तूही उभी राहा.

ही शांतता मी मोडणार नाही. दादा मोडणार आहे. पोरीला शिकवणार, वर्षाच्या आत लग्न नाही, असं तो या माईकवर सांगेल. मग बसा. तोवर कुणी बसायचं नाही.

आईचे गुडघे दुखतात, मला माहीत आहे. दुखू देत.