माझा पसंतीक्रम कोणी बदलला

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, कोल्हापुरातल्या आपल्या या अभ्यासिकेचे संस्थापक आदरणीय नृसिंह सर, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, सत्कारमूर्ती कालिंदी मॅडम, त्यांच्या मातोश्री आणि माझ्याकडे जरा रोखूनच बघणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

मी सम्राट खोत, राहणार पेठ वडगाव. तुमच्या मनात काय चाललंय ते कळतंय की मला. ज्यानं मॅडमची नेमणूक चौदा महिने दाव्यात अडकवली, त्याला आज माईक दिला कुणी? तर मॅडमनीच दिलाय. निरोप आला तेव्हा मला वाटलं, चारचौघांत उघडं पाडायचा बेत असणार. स्वभावच संशयी. चहावाल्यानं न मागता बिस्कीट दिलं तरी मी त्याच्याकडे दोनदा बघतो.

राज्यसेवेचा निकाल लागला. मला त्यांच्यापेक्षा अकरा गुण जास्त, पण त्या उपजिल्हाधिकारी आणि मी नायब तहसीलदार. तुम्ही असता तर गप्प बसला असता? त्यांचे मामा मुंबईत नोकरीला आहेत, एवढं मला पुरेसं झालं. इथल्या प्रत्येक टेबलाशी जाऊन मी सांगितलं, की वरून हात फिरलाय. आणि पदवाटपाविरुद्ध दावा ठोकला.

सुनावणीत सरकारी वकिलांनी माझा पसंतीक्रम, म्हणजे कुठलं पद आधी हवं त्याची मी भरलेली यादी, पुढं ठेवला. पहिल्या नंबरला नायब तहसीलदार, उपजिल्हाधिकारी शेवटी! मी तर बरोबर उलटा भरला होता. मग संशय वकिलावर, संगणकावर, अगदी शेजारी बसणाऱ्या राजवर्धनवरसुद्धा. कागदावर बदलाची तारीख होती, मुदत संपायच्या आदल्या दिवसाची. तो घरी दाखवला तेव्हा माझे वडील, आमचे आण्णा, जेवता जेवता थांबले. वडगावच्या नेट कॅफेत जाऊन त्यांनीच क्रम फिरवून घेतला होता. पासवर्ड मीच घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलेला.

"एकदम मोठी जागा मागितली की सायेब लोकास्नी राग येतोय," आण्णा म्हणाले. "दोन्ही हातची गेली असती. म्हणून ल्हान वर घातली. तुला सांगायला धीर झाला न्हाय."

जन्मभर कचेरीत अर्ज घेऊन उभा राहिलेला माणूस दुसरं काय समजणार? मला रागही आला आणि रडूही. पुढच्या तारखेला दावा मागं घेतला आणि आपण सुटलो असं समजलो.

गेल्या आठवड्यात मॅडम भेटल्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला काय सांगतोस? जिथं जिथं बोललास तिथं सांग. तू दावा मागं घेतलास, तर लोक आता म्हणतात, हिनं आतून मिटवलं असणार."

खरं आहे. तसं म्हणणारे दोघंतिघं मला इथूनही दिसतायत.

म्हणून सांगतो. यात काहीही काळंबेरं नव्हतं. मामांचा हात, वरची ओळख, सगळं माझ्या डोक्यातलं. पुरावा शून्य. मला त्याची लाज वाटते.

परवा मॅडम रुजू होतायत. सरांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. आज बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं सोडून द्या. त्या चौदा महिन्यांत जे बोललो ते मात्र सोडू नका. उद्या कुणी त्यांच्या नावानं कुजबुजलं तर सरळ सांगा, ते सम्राट खोतनं उठवलेलं होतं, आणि खोटं होतं.