साखळी नको म्हटलेलं शटर

मी, फुआतिनो इओआने तालिआ, वय ४९ वर्षे, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम व घरच्या बसदुरुस्ती शेडची वही लिहिणे, राहणार फालेआनु, सवाई बेट, सामोआ.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी सासूबाई मालिआ, वय ७८, यांच्यासोबत राहते. पती इओआने, वय ५३, हेही राहत होते. दीर तुईलागी हे घराण्याचे प्रमुख असून शेजारच्या घरात राहतात. शेड आमच्या घरापासून तीस पावलांवर आहे. तिला तीन बाजूंनी सिमेंटच्या विटांच्या भिंती आहेत, चौथ्या बाजूला शटर. खिडकी नाही.

आमच्या गावात संध्याकाळी शंख तीनदा वाजतो. पहिल्याला घरी यायचं, दुसऱ्याला प्रार्थनेला बसायचं, तिसऱ्याला मोकळं. मधल्या वेळेला सा म्हणतात. सा लागली की रस्त्यावर कोणी दिसू नये, आवाज होऊ नये. राखणीला गावची माणसं रस्त्यावर उभी असतात. गेल्या जूनमध्ये पती सा लागल्यावरही चाकाचे नट ठोकत राहिले, म्हणून पंचांनी दोन डुकरं आणि माशांच्या डब्यांची चार खोकी दंड केला. सासूबाई त्यानंतर चर्चमध्ये मागच्या बाकावर बसू लागल्या.

तोपर्यंत शेडला नुसती ताडपत्री होती. दि. १२ ऑगस्ट रोजी मी व पती बोटीने आपियाला शटरच्या दुकानात गेलो. तिथे लुपे फातू नावाच्या बाईंनी माल दाखवला. त्यांचं वय तीसच्या आसपास असावं. माझी त्यांची आधी ओळख नव्हती.

पतींना जाळीचं शटर पसंत पडलं. म्हणाले, "फुआ, हेच घेऊ. वारा लागेल. बंद पत्र्यात कोंडायला मी काय पिकायला घातलेली केळी आहे?"

मी म्हटलं, "अहो, जाळीतून ठोकाठोक सगळ्या गावाला ऐकू जाईल. भरीव पत्र्याचंच घ्या."

नंतर मी लुपेला विचारलं की, पहिल्या शंखाच्या वेळेला आपोआप बंद होणारं शटर मिळेल का. आणि तिसऱ्या शंखापर्यंत कोणी बटण दाबलं तरी उघडायला नको. पती तिला म्हणाले, "ऐकलंस? आमची बाई शटर नाही, पाद्री विकत घेतेय." लुपे हसली. मीही हसले.

लुपे म्हणाली, "काकी, विजेवरचं शटर घड्याळ लावून देता येतं. पण मग आतून हाताने ओढायची साखळी घ्याच. आत कोणी राहिलं तर?"

मी म्हटलं, "सा लागल्यावर आत कोण राहतंय?"

साखळीचे पैसे वेगळे पडत होते. लुपेने दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा पतींकडे बघून सांगितलं. पती म्हणाले, "मला नको विचारूस, पोरी. वही हिच्याकडे आहे." मी कागदावरची साखळीची ओळ माझ्या हाताने खोडली. लुपेने बाजूला 'गिऱ्हाइकाला नको' असं लिहिलं, त्याखाली मी सही केली. त्याची प्रत आमच्या घरी वहीत होती. ती आज मी आणून दिली आहे.

शटर ऑगस्टअखेर बसलं. साडेसहाला खाली यायचं, सातला वर जायचं. पंच बघायला आले होते, त्यांनी चांगलं म्हटलं. सासूबाई पुन्हा पुढच्या बाकावर बसू लागल्या.

पतींना मार्चपासून छातीत दुखायचं. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली होती. बाटली घरात बायबलशेजारी असे. तेलाच्या हातांनी खराब होते म्हणून मीच ती शेडमध्ये नेऊ देत नसे.

दि. ८ ऑक्टोबर, मंगळवार रोजी सव्वासहाला मी शेडच्या दारात जाऊन पतींना हाक मारली. ते बसखाली होते. म्हणाले, "एक बोल्ट राहिलाय. तू हो पुढे. ताटातला तारो निवला तरी चालेल." मी घरी आले. शटर वेळेवर खाली आलं, तो आवाज मी ऐकला. पती मागून येत असतील असं वाटलं.

दुसरा शंख झाला. सासूबाईंनी गीत सुरू केलं. तेवढ्यात शेडमधून लोखंडावर ठोके ऐकू आले. सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "ऐक तुझ्या नवऱ्याचं. शटर आणलंस ना? आता आतून ठोकतोय." मी म्हटलं, "आता डुकरं कुठून आणायची, आई?" मी उठून ओसरीपर्यंत गेले. रस्त्यावरच्या राखणदाराने हात केला, "बसा मावशी, सा आहे." मी आत येऊन बसले.

सातला शटर आपोआप वर गेलं. पती शटरला लागूनच होते. उजव्या हातात हातोडी होती. पत्र्याला आतून पोचे पडले आहेत, खालच्या बाजूला जास्त. दवाखान्यात नेलं. हृदय आधीच बंद पडलं होतं, असं दवाखान्याच्या कागदात आहे.

दीर तुईलागी यांनी गुरुवारी ठाण्यात असं सांगितलं आहे की दुकानाने साखळीबद्दल काहीच सांगितलं नाही. मीही तेच सांगावं असं त्यांचं म्हणणं होतं. काल सासूबाईंसमोर म्हणाले, "वहिनी, एका वाक्याचा प्रश्न आहे. ती पोरगी आपली कोण लागते? या घरात राहायचंय ना तुम्हाला?" मी राहते ते घर दिरांच्या ताब्यात आहे. मला माहेर उरलेलं नाही.

आज ठाण्यात येताना लुपे बाहेरच्या बाकावर बसलेली दिसली. कालपासून बसवून ठेवली आहे असं कळलं. मला बघून उठली, "काकी" म्हणाली, आणि पुन्हा बसली. तरी सांगते की, दुकानाने साखळीबद्दल तीनदा सांगितलं होतं. जाळीचं नको म्हटलं ते मी. साखळी खोडली ती मी. लुपे फातू यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

ठोके किती वेळ ऐकू येत होते, असं विचारल्यावरून सांगते की, गीताचं पहिलं कडवं पूर्ण होईपर्यंत. ते हट्टाने काम करत आहेत असं मी धरून चालले होते. पंचांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी गीत मोठ्याने म्हटलं, एरवी म्हणते त्यापेक्षा मोठ्याने. दुसरं कडवं संपलं तेव्हा ठोके थांबले होते. मला बरं वाटलं.

हा मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. शेवटचं वाक्य ठेवायचं का, असं त्यांनी विचारलं. ठेवा म्हटलं. मी सांगितलं तसंच उतरलं आहे, खोडण्यासारखं काही नाही, म्हणून खाली सही करते.

फुआतिनो इओआने तालिआ