ताटभर रवा

झुंबरताई : राखी घरात नाय तर नाय, तू हायेस ना? पोर बापाबरोबर खेळली तरी चालतंय की.

सनी : संध्याकाळी या ताई. सहाला येते राखी कामावरून.

झुंबरताई : सहाला अंगणवाडीला कुलूप असतंय. एक ताट दे. अन् वाटीभर रवा.

सनी : आत्ताच जेवलीय सृष्टी.

झुंबरताई : खायला नाय रे, लिहायला.

सनी : अकरा महिन्यांची आहे ती.

झुंबरताई : मग? अक्षरं कोण मागतंय तिला? नुसता हात फिरवू दे. रेघ उठली की पोरीला कळतं, ही मी केली. उद्या खडू धरायची ताकद ह्यातूनच येती. तोंडात घातलं तरी रवाच हाय. बस खाली तिच्यासमोर.

सनी : तुम्हीच बसा.

झुंबरताई : किती दिवस झाले हिला उचलून घेऊन?

सनी : कारखान्यात मशीनखाली हात गेला, तेव्हापासून नाही घेतलं.

झुंबरताई : म्हणजे तीन महिने.

सनी : असतील.

झुंबरताई : तो रुमाल काढ बरं हातावरचा.

सनी : जखम भरलीय. पण घाबरेल ती. अंगठा आणि करंगळी, एवढंच उरलंय. राखीसुद्धा बघत नाही.

झुंबरताई : ती बघत नाय, का तू दाखवत नाय?

सनी : माहीत नाही.

झुंबरताई : अरे, हाताला पाच बोटं असतात, हे हिला कुठं ठाऊक हाय अजून?

(सनी खाली बसला. रुमाल सोडताना आपल्याला लाज वाटेल असं त्याला वाटलं होतं. तीही वाटली नाही. सृष्टीने दोन्ही तळवे रव्यात थापले, मग त्याचा हात ओढून ताटात घेतला.)

झुंबरताई : बघ, बघ! तुझा अंगठा धरून रेघा ओढतीये. खडूच गावला तिला.

सनी : ओढतेय का? हाताला नाही कळत. रवा लागतोय, तेही नाही.

झुंबरताई : डॉक्टर काय म्हणले?

सनी : येईल म्हणाले हळूहळू. नाहीतर नाही. ताई, हाताचं सोडा. ही हसतेय, दिसतंय मला. पण आत काहीच हलत नाही. आधी नुसती जांभई दिली तरी मी फोटो काढायचो हिचे.

झुंबरताई : हलंल तेव्हा हलंल. आज हात तेवढा मागं घेऊ नको.

सनी : बरं.

झुंबरताई : आता गं बया! अर्धा रवा फरशीवर. केसात पण घातला का? थांब, झाडून घेते. मला अजून दोन घरं करायचीत. उचलू का ताट?

सनी : राहू द्या. तिचं अजून झालं नाही.