पदरातून गाळलेलं पेट्रोल

नवस मी पुष्कळ बोलले, कमल, पण इंजिनासाठी एकच. ह्यांनी सायकलला स्वतः इंजिन जोडलं, तेव्हा सगळं भोर हसत होतं. मी म्हटलं, "देवी, ही गाडी आम्हां दोघांना वेल्ह्यापर्यंत आणू दे, तुझी ओटी भरीन."

निघालो, तर वाटेत मार्गासनीला फटफट बंद! एक बैलगाडीवाला थांबून म्हणतो, "मास्तर, बैल जुंपू का? लई दमलंया तुमचं इंजान!"

ह्यांनी पेट्रोलची नळी काढून फुंकली, तर आत कचरा. "पेट्रोलच घाण आहे. आता परत जायचं," म्हणाले.

"तूप गाळतो तसं गाळू या की!"

"कशातून?"

मी पदराची चौघडी करून पुढं धरली.

"अगं, नवं लुगडं!"

"असू दे. देवीला गाडी पोचलेली बघायचीय."

गाळलेलं पेट्रोल भरलं आणि इंजिन असं कडाडलं, की गाडीवाल्याचे बैलच बुजले! वेल्ह्याला ओटी भरताना गुरवीण म्हणाली, "वैनी, वास कसला वो येतुया?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "आमच्या गाडीचा."

तुझेही यजमान काही जोडत बसले तर हसू नकोस, बाई. नवस बोल, आणि मागं बसून जा.