आधी समोरच्याचा कागद

मंडळी, अस्केजण आलात, एकूण एक. मठाच्या या मंडपात पाय ठेवायला जागा नाही. मला बोलायला उभं केलंत खरं, पण माझा हात चालतो, जीभ नाही. त्यातून गेलेल्या गुरूबद्दल बोलायचं. सांभाळून घ्या.

तालुका कचेरीसमोरच्या ओट्यावर बसून कोनेरीरावांनी उभा जन्म लोकांचे अर्ज लिहिले. बारा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांची रीत तुम्हांला ठाऊक आहे. अर्जदार आला, की ते आधी त्याच्या विरुद्ध बाजूचा कागद लिहीत. तोही असा जोरकस, की अर्जदार चिडून उठे. "राव, तुम्ही आहात कुणाचे?" राव शांतपणे म्हणत, "तुझाच. बैस. आता याला उत्तर शोधू."

मला हे वेडेपण वाटे. या तमिळ मुलखात आपली मराठी माणसं दरबारात वाढली. वाडवडिलांनी राजांपुढे विनंतीपत्रं लिहिली. राज्य खालसा झालं, साहेबाचा अंमल आला, तरी आपला हात तोच. मायबाप म्हणायचं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणायचं, की काम फत्ते! त्यात मी पटाईत होतो. खोटं कशाला बोलू, गर्वही होता.

एका वर्षी पाऊस ओढला. तिरुनीलक्कुडीच्या वाटेवर एकाच कालव्यावर दोन गावं आहेत. ठराव असा, की आठ दिवस पाणी वरच्या गावाला, मग आठ दिवस खालच्याला. खालच्या गावचे लोक रडत आमच्याकडे आले. रावांनी नेहमीप्रमाणे आधी वरच्या गावाची बाजू लिहिली. लोक संतापले. माझ्याकडे वळून म्हणाले, "अय्या, मालक, तुम्ही लिहा."

मी लिहिलं. सुकलेली रोपं लिहिली, उपाशी लेकरं लिहिली. आणि एक ओळ गाळली. वरच्या गावाच्या पाळीचे दोन दिवस अजून उरले होते, ती ओळ. विसरलो नव्हतो, मंडळी. जाणून गाळली.

साहेब विरघळले. त्याच दिवशी पाणी खाली वळवायचा हुकूम सुटला. खालच्या गावानं मला हार घातला. वरच्या गावाची रोपं वाफ्यातच करपली.

राव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "मन वळवणं वेगळं आणि वाद मांडणं वेगळं, बाबा. मन वळवणारा एकच वाट दाखवतो. वाद मांडणारा दोन्ही वाटा दाखवतो, आणि ही का धरावी ते सांगतो. आईकडे भात मागताना वाद घालू नये, लाडीगोडी लावावी. पण दुसऱ्याच्या ताटातलं मागायचं, तर त्याचं म्हणणंही सांगावं लागतं."

मी म्हटलं, "पण काम झालं ना?"

"झालं," राव म्हणाले. "बरोबर झालं का?"

मी पुढचा अर्ज ओढून लिहायला बसलो. त्यानंतर त्यांनी ते पुन्हा कधी विचारलं नाही.

राव काही देव नव्हते. हट्टी होते. त्यांच्या सावकाशपणानं कित्येकांची कामं लांबली, काहींची बुडाली. तेही इथं बोललं पाहिजे. नुसती स्तुती करून तुम्हांला रडवणं मला अवघड नाही. आज तसं करायला धजत नाही.

त्या खांबाला टेकून चिन्नय्या बसले आहेत. वरच्या गावचे. त्या वर्षी त्यांचं सगळं शेत गेलं. त्यांना वाटतं, साहेबानं अन्याय केला. चिन्नय्या, आपली भाषा तुम्हांला येत नाही, म्हणून हे लगेच तमिळमध्येही सांगतो. साहेबाला कुणी खरं सांगितलंच नव्हतं. तो कागद माझा होता. रावांच्या हयातीत हे बोललो असतो, तर त्यांना बरं वाटलं असतं. उशीर झाला. मला क्षमा करा.

मंडळी, आता कोनेरीरावांसाठी उभे राहू, घटकाभर गप्प राहू. चिन्नय्या, तुम्हांला माझ्याबरोबर उभं राहावंसं वाटलं नाही, तर बसून राहा. इथं कुणी तुम्हांला बोल लावणार नाही.