टबातला झाडूवाला

दिनांक १४ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजता.
जबाब देणार: मयताचा थोरला भाऊ. नाव नोंदवहीत घेतले आहे. वय ६१. धंदा: चष्म्यांचे दुकान. राहणार: मयताच्याच घराचा वरचा मजला.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की:

परवा सकाळी साडेसहाच्या सुमारास खालून भावजयीची हाक आली. "दादा" एवढीच. मी खाली गेलो. भाऊ मागच्या अंगणातल्या तळ्यात होता. तळे कमरेइतके खोल आहे. आम्ही दोघांनी त्याला बाहेर घेतले. डॉक्टर आले, नंतर हवालदार आले. हवालदारांनी भावजयीला कसे झाले असे विचारले. ती म्हणाली, "हे माझ्यामुळे झालं." ते तसेच लिहिले गेले आहे आणि उद्या तिला पुन्हा बोलावले आहे. ती तसे का म्हणाली हे मला माहीत आहे. ते नोंदवले जावे म्हणून मी हा जबाब देत आहे.

भावाच्या हृदयाचे ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी त्याला जड कामे आणि चिडचिड वर्ज्य केली. तेव्हा त्याने तळे करून घेतले आणि कोई आणले. कोई म्हणजे तळ्यात पाळायचे मोठे रंगीत मासे. पहिल्याच वर्षी एका नव्या माशाबरोबर तळ्यात उवा आल्या. माशांनाही उवा होतात. त्या चपट्या असतात आणि अंगाला चिकटून रक्त पितात. बघायला भिंग मी दुकानातून दिले. भावजय एकेक मासा ओल्या फडक्यात धरी, भाऊ चिमट्याने उवा काढी, मग मासा मिठाच्या पाण्यात बुचकळून परत सोडी. भावजय म्हणे, "माझ्या डोक्यातल्या कधी बघितल्या का एवढ्या प्रेमाने?" तो म्हणे, "तू चुळबुळ फार करतेस."

त्यानंतर त्याने नियम केला. नवा मासा आला की तीन आठवडे अंगणातल्या जुन्या टबात वेगळा ठेवायचा, मग भिंगाखाली पाहायचा आणि निर्मळ निघाला तरच तळ्यात सोडायचा. याला तो परीक्षा म्हणत असे.

उन्हाळ्यात तळ्याच्या कडांना शेवाळ धरले. ते घासताना भावाला दम लागे. सांगून तो ऐकत नव्हता. म्हणून भावजयीने बाजारातून एक सकर मासा आणला. हा काळा, खरखरीत, तोंडाने भिंतीला चिकटणारा मासा असतो. विकणाऱ्याने तिला सांगितले होते, "वहिनी, हा झाडूवाला. फुकट राबतो." भाऊ म्हणाला, "चला, घरात एक तरी कामाचा आला." त्यालाही तीन आठवडे टबात ठेवले. अंगावर काही निघाले नाही. "पहिल्या वर्गात पास," असे म्हणून भावाने स्वतः त्याला तळ्यात सोडले. कडा स्वच्छ झाल्या. भावाने घासणे बंद केले.

गेल्या महिन्यात कोईंच्या अंगावर सोललेले चट्टे दिसू लागले. रोज सकाळी एखादा नवा असे. भाऊ म्हणाला, पुन्हा उवा. भिंगाखाली काही दिसेना. मीही पाहिले, मला दिसल्या नाहीत. तो म्हणाला, "लपल्यात." त्याने तळ्यात औषध टाकले, पुन्हा टाकले. डोक्यावर लाल ठिपका असलेली पांढरी कोई होती, तिला ते दोघे टोपी म्हणत. ती मेली. भाऊ त्या दिवशी जेवला नाही. भावजय म्हणाली, "अहो, औषध पुरे आता." तो म्हणाला, "तुला त्यातलं काय कळतं?" भांडण होते का असे मला विचारण्यात आले. भांडण म्हणाल तर एवढेच. यापेक्षा मोठे मी ऐकलेले नाही, आणि माझ्या खोलीची जमीन लाकडी आहे, खालचे सगळे ऐकू येते.

मृत्यूच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भावाने कोई देणाऱ्या नेहमीच्या मासेवाल्याला बोलावले. तो तळ्याशी थोडा वेळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "साहेब, उवा कुठल्या? हा तुमचा झाडूवाला चरतोय त्यांच्यावर. शेवाळ संपलं, आता रात्री कोईंच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. कोईंबरोबर कोई ठेवा, फार तर गोल्डफिश. हा नाही चालत."

भाऊ म्हणाला, "अहो, पण तो तीन आठवडे टबात होता."

"टबात उवा कळतात साहेब, स्वभाव नाही."

भावजय चहा घेऊन उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि ती आत गेली. मासेवाला म्हणाला, रविवारी माणूस घेऊन येतो, पाणी उतरवून पकडू, तुम्ही आत उतरू नका. भाऊ बरे म्हणाला. नंतर तो आत तिच्याकडे गेला. मला ऐकू आले ते असे: "अगं, भिंग घेऊन मी बसलो होतो. मला तरी दिसलं का?"

सकाळी मी जे पाहिले ते सांगतो. खुर्चीवर टॉवेल घडी करून ठेवला होता. खाली चपला होत्या. टब भरलेला होता, त्यात सकर मासा होता. तो उडी मारतो म्हणून वर फळी आणि फळीवर वीट होती. पाण्यात हवेची नळी सोडलेली होती आणि काकडीची एक चकती टाकलेली होती. शेवाळ नसले की तो काकडी खातो. उरलेली काकडी ओट्यावर आम्हा तिघांसाठी तीन बश्यांत चिरून झाकून ठेवली होती.

मासा टबात गेल्यावर भाऊ परत पाण्यात का उतरला हे मी पाहिलेले नाही. मासा धरायचे जाळे तळ्यात तरंगत होते. हृदय बंद पडले आणि अंगावर मार नाही, असे डॉक्टरांच्या कागदात आहे.

मासा पुरावा म्हणून जमा करायचा का, असे ठाण्याच्या साहेबांनी विचारले. हवालदार म्हणाले, "साहेब, मुद्देमालाच्या खोलीत नळ नाही." तेव्हा मला हसू आले. त्याबद्दल मी लगेच माफी मागितली.

भावजयीचे वाक्य खोडा असे मी म्हणत नाही. उद्या विचारलेत तर ती पुन्हा तेच म्हणेल. त्याच्या खाली एवढे लिहा, की मासा तिने आणला तो नवऱ्याला दम लागू नये म्हणून, आणि हे त्याला ठाऊक होते. त्याचा तिच्यावर राग नव्हता. राग असता तर त्याने त्या माशासाठी काकडी चिरली नसती.

हवालदारांनी हे सर्व मला सावकाश वाचून दाखवले. मी बोललो तसेच उतरले आहे. सहीपूर्वी एक गोष्ट राहिली ती घालायला सांगितली. काल भावजय मला म्हणाली, "दादा, तो मासा कुठेही नेऊन सोडा, मला दिसायला नको." मी हो म्हणालो. टब रिकामा करून मी वर माझ्या न्हाणीघरात नेला आणि मासा बादलीतून नेला. आज इथे येण्याआधी टबातले अर्धे पाणी बदलले, नळी पाहिली, काकडीची जुनी चकती काढून नवी टाकली, फळी लावली आणि वर वीट ठेवली.